बँकेचा कागद कोणी आणला?



या पानावर आपण बहुधा बी-बियाणे, खते, कीड-रोग आणि जनावरांचा दाणावैरण यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो आहे हिशेबाचा, आणि हिशेब लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या माणसाचा.

कोणी म्हणेल, "मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाशी आम्हा शेतकऱ्यांना काय करायचे?" पण जरा विचार करा. आपले दूध संस्थेत जाते, ऊस कारखान्यात जातो, पीककर्ज सोसायटीतून येते आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेले चार पैसे पतसंस्थेत असतात. या सगळ्या ठिकाणी आपला घामाचा पैसा कोणाच्या तरी वहीत आकडा होऊन बसलेला असतो. शिवाय खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले-मुली आज बी.कॉम. होऊन सोसायटीत, कारखान्यात किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीत हिशेबाच्या टेबलाशी बसली आहेत. काही तर सी.ए. झाली आहेत. त्यांच्या हातून काय घडते, यावर हजारो घरांची चूल अवलंबून असते.

म्हणून आज दोन कंपन्यांची हकीकत सांगतो. एक आपल्या शेजारच्या हैदराबादची आणि दुसरी अमेरिकेतली. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

सत्यमचे असत्य

हैदराबादची सत्यम कंप्युटर सर्व्हिसेस ही कंपनी १९८७ साली सुरू झाली. परदेशी कंपन्यांना संगणकाची कामे करून देणे हा तिचा धंदा. तिचे प्रमुख बी. रामलिंग राजू हे भीमावरमकडच्या शेतकरी कुटुंबातले. कंपनी वाढत गेली. तिचे शेअर मुंबईच्या बाजारात होतेच, पुढे न्यूयॉर्कच्या बाजारातही गेले. पन्नास हजारांवर माणसे तिथे नोकरीला होती. २००८ च्या सप्टेंबरात तर उत्तम कारभाराबद्दल या कंपनीला मोठा पुरस्कारही मिळाला.

पुढे चारच महिन्यांत, ७ जानेवारी २००९ रोजी, राजू यांनी संचालक मंडळाला एक पत्र लिहिले. कंपनीच्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, असे त्यांनी स्वतः कबूल केले. म्हणजे खरे होते फक्त ३२१ कोटी. पोत्यावर शंभर किलो लिहिलेले आणि आत सहा किलो धान्य, असा हा प्रकार! याशिवाय न मिळालेले ३७६ कोटींचे व्याज जमा दाखवले होते, तर १,२३० कोटींचे देणे दाखवलेच नव्हते.

त्या एका दिवसात कंपनीचा शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. निवृत्त माणसांनी, नोकरदारांनी त्यात पैसे घातले होते. त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? छापील ताळेबंदावर विश्वास ठेवला, एवढेच.

नसलेल्या म्हशीचे दूध

हे झाले कसे, ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

समजा, एखाद्या दूध संस्थेच्या सचिवाने वहीत लिहिले की, रोज पन्नास लिटर दूध तालुक्याच्या हॉटेलाला विकले. प्रत्यक्षात ते दूध नाही, ती म्हैस नाही आणि ते हॉटेलही नाही. पण विक्री लिहिली म्हणजे तिचे पैसे कुठेतरी दाखवावे लागतात. उधारी दाखवली तर वर्षभराने सभासद विचारणार की, हे हॉटेलवाले पैसे का देत नाहीत? म्हणून सचिव लिहितो, पैसे आले आणि बँकेत ठेव म्हणून ठेवले. ठेव दाखवली की तिच्यावर व्याज दाखवावे लागते. मग बँकेची खोटी पावती तयार करावी लागते. पुढच्या वर्षी विक्री घटली तर लोकांना संशय येईल, म्हणून नसलेल्या म्हशीचे दूध दरसाल वाढवावे लागते.

सत्यममध्ये हेच घडले. साडेसात हजारांवर खोटी बिले तयार केली गेली, असे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात निघाले. रोजचे काम करणाऱ्यांच्या नजरेला ही बिले संगणकावर पडू नयेत, अशी व्यवस्थाही केली होती. बँकांच्या ठेवपावत्या आणि खात्याचे उतारेही बनावट होते.

राजू यांच्या पत्रातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीला खरा नफा आणि दाखवलेला नफा यांत फरक थोडासाच होता. तो वर्षागणिक वाढत गेला. २००८ च्या सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत खरा नफा ६१ कोटी होता, दाखवला ६४९ कोटी. आपली गत वाघावर बसलेल्या माणसासारखी झाली, खाली उतरावे तर वाघ खाणार, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. आपल्याकडे म्हणतातच, वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो. तेव्हा शहाणपण असते ते त्याच्या पाठीवर न बसण्यात.

कागदावरचा खड्डा खऱ्या मालमत्तेने बुजवावा म्हणून १६ डिसेंबर २००८ रोजी शेवटचा प्रयत्न झाला. राजू कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन कंपन्या सत्यमने विकत घ्याव्यात, असा ठराव संचालकांनी केला. 'सत्यम' हे नाव इंग्रजीत उलट लिहिले की 'मेटास' होते. भागधारकांनी एकच गिल्ला केला आणि तो व्यवहार काही तासांत रद्द करावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते पत्र आले.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंध्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका सेवा २००५ साली सुरू करण्यात याच राजूंचा पुढाकार होता. त्या सेवेने कितीतरी जीव वाचवले. ते काम चांगलेच होते, पण त्यामुळे कंपनीचे खोटे आकडे खरे होत नाहीत. गावात कोणी मंदिराचा सभामंडप बांधून दिला, सप्त्याला पंगत घातली, म्हणून त्याच्या ताब्यातल्या संस्थेचा हिशेब तपासायचाच नाही, असे कधी करू नये. पुण्याचे खाते वेगळे आणि पैशाचे खाते वेगळे.

तपासणारे काय करत होते?

आता मुख्य मुद्दा. सत्यमचे हिशेब २००० सालापासून प्राइस वॉटरहाउस ही नामांकित लेखापरीक्षण संस्था तपासत होती. मग पाच हजार कोटींचा खड्डा तिला दिसला कसा नाही?

बँकेतील शिल्लक तपासण्याची एक साधी, जुनी पद्धत आहे. लेखापरीक्षकाने स्वतः बँकेला पत्र पाठवायचे की, अमुक तारखेला या कंपनीच्या खात्यावर किती रक्कम होती ते कळवा. बँकेने उत्तर थेट लेखापरीक्षकाला पाठवायचे. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याचा हात या पत्राला मधे कुठेही लागता कामा नये. सगळी मेख एवढ्यातच आहे.

सत्यमच्या बाबतीत नेमकी हीच काळजी घेतली गेली नाही. शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही असल्यामुळे अमेरिकेच्या नियामकांनी चौकशी केली. ही पत्रे पाठवणे आणि उत्तरे मिळवणे लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच माणसांवर सोपवले होते, असे त्यांना आढळले. २०११ च्या एप्रिलमध्ये प्राइस वॉटरहाउसच्या भारतातील संस्थांना तिथल्या दोन नियामकांनी मिळून ७५ लाख डॉलर दंड केला.

बंधूंनो, बैलबाजारात बैल घेताना आपण काय करतो? बैलाचे दात स्वतः पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. विकणारा म्हणाला सहादाती आहे, म्हणून डोळे मिटून पैसे मोजत नाही. आणि इथे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी विकणाऱ्यालाच दात मोजायला सांगितले!

पुढे खटला चालला. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी धरून सात-सात वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने अपिलाच्या सुनावणीपर्यंत शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. त्या दहांत राजू आणि त्यांचे भाऊ होते, तसेच कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी, दोन बाहेरचे लेखापरीक्षक, अंतर्गत लेखापरीक्षक आणि हाताखाली काम करणारे कर्मचारीही होते. तुरुंगवासाची शिक्षा ठोठावताना साहेब कोण आणि हाताखालचा कोण, असा भेद झाला नाही.

सेबीने २०१८ च्या जानेवारीत प्राइस वॉटरहाउसच्या संस्थांना शेअर बाजारातील कंपन्यांच्या लेखापरीक्षणाला दोन वर्षे बंदी घातली होती. २०१९ साली ती अपिलात रद्द झाली. पण या प्रकरणातून कायदा कडक झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना एकाच लेखापरीक्षकाकडे वर्षानुवर्षे काम ठेवता येणार नाही, असे ठरले. मोठा गैरव्यवहार दिसला तर लेखापरीक्षकाने तो सरकारला कळवणे सक्तीचे झाले. २०१८ साली लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय प्राधिकरणही स्थापन झाले.

कंपनी मात्र वाचली. सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून जाणती माणसे नेमली. ट्रॅक्टरमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या महिंद्र समूहातील टेक महिंद्रने २००९ च्या एप्रिलमध्ये ती घेतली. हजारो नोकऱ्या टिकल्या. पण ज्यांनी आपले शेअर घाबरून मातीमोल भावाने विकले, त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

साहेबांनी सांगितले म्हणून

हाताखाली काम करणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून दुसरी हकीकत सांगतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात क्लिंटन नावाचे लहानसे शहर आहे. तिथे वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीचे मुख्य कार्यालय होते.

या कंपनीने खर्च लपवला तो असा. समजा, विहिरीवर नवा पंप बसवला. तो दहा वर्षे चालणार, म्हणून त्याची किंमत दहा वर्षांत वाटून घेतली तर ते योग्य. पण पंपाचे वीजबिल या वर्षीचे, ते या वर्षीच्याच खर्चात धरले पाहिजे. कोणी वीजबिलाची रक्कम 'पंप खरेदी' म्हणून लिहिली, तर या वर्षीचा खर्च कमी दिसेल आणि तोट्याची शेती कागदावर नफ्याची होईल. वर्ल्डकॉम दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे जे भाडे देत होती, ते तिने अशाच रीतीने मालमत्ता म्हणून लिहिले.

या नोंदी करणाऱ्यांमध्ये बेटी व्हिन्सन नावाची हिशेब विभागातली मधल्या फळीची बाई होती. २००० सालच्या ऑक्टोबरात तिला ८२ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च कमी करून दाखवणारी नोंद करायला सांगितले गेले. हे बरोबर नाही, हे तिला कळत होते आणि तसे तिने वरिष्ठांना सांगितलेही. नोकरी सोडण्याचाही तिने विचार केला. पण घर मुख्यतः तिच्या पगारावर चालत होते. वरून समजूत घातली गेली की, एवढ्या वेळेला करा, पुन्हा लागणार नाही. तिने नोंद केली. पुढच्या तिमाहीत पुन्हा सांगितले गेले, त्याच्या पुढच्या तिमाहीत पुन्हा. दीड वर्ष ती असल्या नोंदी करत राहिली. २००५ साली तिला पाच महिन्यांचा तुरुंगवास आणि पाच महिन्यांची नजरकैद झाली. कंपनीच्या प्रमुखाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

त्याच कंपनीत सिंथिया कूपर ही अंतर्गत लेखापरीक्षण विभागाची प्रमुख होती. तिला आकड्यांचा संशय आला. वित्त अधिकाऱ्याने तिला ही तपासणी पुढे ढकलायला सांगितले. तिने ती थांबवली नाही. दिवसा काम केले तर बोभाटा होईल, म्हणून ती आणि तिचे सहकारी रात्री जागून नोंदी तपासत राहिले. कागद हाती आल्यावर ती संचालकांच्या लेखापरीक्षण समितीकडे गेली. २५ जून २००२ रोजी कंपनीला ३८० कोटी डॉलरचा घोळ जाहीर करावा लागला आणि महिनाभराच्या आत कंपनीने दिवाळे काढले.

एकाच कंपनीत काम करणाऱ्या या दोन बायका. दोघीही हिशेबात हुशार, दोघींनाही घरदार, दोघींवरही वरिष्ठांचा दाब. एकीला वाटले की, एकदा केल्याने काय होते? दुसरीने आधी कागद पाहायचे ठरवले. त्या दोघींत जे अंतर पडले, ते या एवढ्याशा गोष्टीने पडले.

हिशेबाचे काम करणाऱ्या मुलामुलींना

आपल्या घरातला कोणी या व्यवसायात असेल, तर त्याला पुढील गोष्टी अवश्य वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, बाहेरचा कागद बाहेरूनच घ्यावा. बँकेची शिल्लक बँकेला विचारावी, येणे बाकी ज्याच्याकडून येणे आहे त्याला विचारावी, गोदामातला माल गोदामात जाऊन मोजावा. ज्याचा हिशेब तपासायचा त्याने आणून दिलेला कागद हा नुसता कागद असतो. तो पुरावा होत नाही.

दुसरी गोष्ट, पहिली खोटी नोंद करू नये. खोटी नोंद गाजरगवतासारखी असते. फुलावर येण्याआधी उपटली तर एक रोप, ठेवली तर पुढच्या साली सगळा बांध.

तिसरी गोष्ट, तोंडी हुकमावर हिशेब फिरवू नये. असा हुकूम आला तर लेखी मागावा आणि आपला आक्षेपही लेखी नोंदवावा. बहुतेक वेळा लेखी मागितल्याबरोबर हुकूम मागे घेतला जातो. नाहीच घेतला, तर वरच्या समितीकडे, लेखापरीक्षकाकडे, निबंधकाकडे जावे. पोटाची चिंता खरी आहे, तिला कोणी हसू नये. पण नोकरी गेली तर दुसरी शोधता येते, सही मात्र परत घेता येत नाही.

चौथी गोष्ट, ज्याची तपासणी करायची त्याच्या पंगतीला बसून पाहुणचार घेऊ नये. मिंधा माणूस प्रश्न विचारू शकत नाही.

आईवडिलांनाही एक सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली की, "मला चुकीच्या कागदावर सही करायला सांगतात," तर "बाबा, नोकरी सांभाळ, साहेब सांगतात तसे कर," असे पटकन म्हणू नका. त्या वेळी घराचा आधार लागतो. तो द्या.

आणि आपण सभासदांनी

लेखापरीक्षक कितीही चांगला असला तरी मालक झोपला तर चोराचे फावते. संस्थेचे मालक आपण आहोत. तेव्हा पुढील गोष्टी करा.

सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचा शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या वह्या पाहण्याचा हक्क आहे, तोही विनामूल्य. हा हक्क वापरा.

वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. अहवाल हातात पडला की शेवटच्या पानावरचा चहा-नाश्त्याचा खर्च पाहून हसू नका. पहिल्यांदा बँक शिल्लक आणि ठेवी पाहा. उभे राहून विचारा, "या शिलकीचा दाखला लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून घेतला का?" लेखापरीक्षकाची नेमणूक याच सभेत होते, तेव्हा त्याचे नाव कोणी आणि का सुचवले, हेही विचारा. मागच्या वर्षीचे दोष दुरुस्त झाले का, म्हणजे दोष दुरुस्ती अहवाल झाला का, हेही विचारायला विसरू नका.

ताळेबंदात मोठमोठ्या ठेवी दिसतात, पण दुधाचा पगार मात्र प्रत्येक वेळी लांबणीवर पडतो, असे असेल तर सावध व्हा. तिजोरीत पैसे असताना कोणी उधारीवर संसार करत नाही.

बचत गटातल्या भगिनींनी दर बैठकीला बँकेचे पासबुक सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. पासबुक भरून आणायला दरवेळी एकच बाई जात असेल, तर पाळी बदलावी. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. बांधावर खुणेचे दगड रोवले म्हणजे भाऊबंदकी वाढत नाही, उलट टळते. तसेच हे आहे.

आपल्या घरातही खर्चाची वही ठेवा. बियाणे, खत, मजुरी, वीजबिल ज्या दिवशी दिले त्या दिवशीच लिहा. ज्याला स्वतःच्या वहीची सवय आहे, त्याला दुसऱ्याच्या वहीतली खोट लवकर दिसते.

यंदाच्या सभेची नोटीस आली की तारीख लिहून ठेवा, अहवाल दोन दिवस आधी मागून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून वाचा. आकडे समजले नाहीत तर विचारा. अडाणी म्हणून कोणी हसले तरी हसू द्या. सत्यममध्ये पाच हजार कोटींबद्दलचा साधा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, तो तिथे बसलेल्या शिकलेल्या माणसांकडूनच. तुम्ही तो तुमच्या संस्थेत विचारा.